डोक्याचा मार आणि रक्ताची साक्ष

अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेड असा मजल करीत तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ हा हिंगोली जिल्ह्याच्या व्यापाराचा मुख्य रस्ता आहे. हळदीच्या हंगामात हिंगोली आणि वसमतच्या बाजारपेठांकडे ट्रक, टेम्पो व ट्रॅक्टर यांची रीघ लागते. त्यांच्याच मधून वाट काढत अडत दुकानातला मुलगा, मुनीम, हमाल आणि उधारी वसूल करायला निघालेला व्यापारी दुचाकीवरून ये-जा करीत असतात. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवण उरकायचे असते. त्यामुळे संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत आपल्या घरांतील माणसांच्या गाडीचा वेग थोडा वाढलेलाच असतो. कळमनुरीकडून, आखाडा बाळापूरकडून किंवा वारंगा फाट्याकडून परतताना कुणी घसरतो, डोके रस्त्याच्या कडेला आपटते, चार माणसे धावून येतात, पाणी पाजतात. पडलेला माणूस उठून बसतो, स्वतःचे नाव सांगतो, पैशाची पिशवी जागेवर आहे का ते आधी पाहतो. आणि मग ते वाक्य ठरलेले असते : ‘शुद्धीवर आहे, बोलतो आहे, मग काळजीचे कारण नाही.’

पुढील सर्व विवेचन या एका वाक्याभोवती आहे. कारण बहुतेक वेळा ते खरे ठरते, आणि ज्या थोड्या वेळा ते खोटे ठरते त्या वेळी चूक दुरुस्त करायला अवधी उरत नाही.

क्रिकेटची आवड असणाऱ्यांना रमण लांबा हे नाव आठवत असेल. भारताकडून कसोटी व एकदिवसीय सामने खेळलेला हा फलंदाज २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लब सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता उभा होता. जोरात मारलेला चेंडू त्याच्या कपाळावर आदळला. तो उठला, आपण ठीक आहोत असे त्याने सांगितले आणि तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्याच वेळात त्याची प्रकृती ढासळली, मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया झाली, पण २३ फेब्रुवारीला त्याचे निधन झाले. वय अवघे ३८ वर्षे.

मार लागल्यानंतरच्या या शहाण्यासुरत्या मध्यंतराला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. काही जखमांत कवटीचे हाड व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. साचलेले रक्त मेंदूला दाबू लागेपर्यंत माणूस चालतो, बोलतो, हिशोबही सांगतो. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात जागा मर्यादित. ती जागा संपली की पडझड मिनिटांत होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही क्रिकेटमधलेच. भारतीय संघाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला. कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया झाली, रक्त कमी पडले तेव्हा वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी पुढे साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढण्यात आली. दोन्ही खेळाडूंच्या इजा सारख्या नव्हत्या, हे मान्य. तरी एकाची जखम दिसत होती आणि दुसऱ्याची दिसत नव्हती, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

न दिसणारी जखम ओळखण्यासाठी डॉक्टरांकडे आजवर मुख्यतः दोन साधने होती. पहिले म्हणजे ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली गुणपद्धती. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज केली जाते. १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर. १३ ते १५ गुण असलेल्यांना ‘सौम्य’ इजा म्हणतात. आपला उठून बसलेला, पिशवी तपासणारा माणूस याच वर्गात मोडतो. मात्र ‘सौम्य’ हा शब्द शुद्धीविषयी आहे, मेंदूच्या आत काय चालले आहे याविषयी नाही. दुसरे साधन सी.टी. स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्त साचले आहे की नाही हे सी.टी. काही मिनिटांत दाखवते. पण यंत्र हवे, ते चालवणारा हवा, चित्र वाचणारा हवा, आणि रुग्ण तिथवर पोहोचायला हवा. शिवाय त्यात क्ष-किरण असतात. प्रौढाच्या एका स्कॅनची मात्रा फार नसते. वर्षभरात निसर्गतः आपल्याला जेवढा किरणोत्सर्ग मिळतो साधारण तेवढीच. तरी लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर विचार करूनच स्कॅन सांगतात.

आता हृदयाचा विचार करावा. छातीत दुखते म्हणून कुणाला दवाखान्यात नेले की ई.सी.जी. काढतात आणि ‘ट्रोपोनिन’ नावाची रक्ततपासणी करतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातील प्रथिन रक्तात उतरते, आणि रक्त हृदयाची हकिगत सांगते. मेंदूला इतकी वर्षे असा निरोप्या नव्हता. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक नाका बसवला आहे. सहजासहजी आतले बाहेर येत नाही आणि बाहेरचे आत जात नाही. जोराचा आघात झाला की पेशी फुटतात, नाक्यालाही तडे जातात आणि मेंदूची काही खास प्रथिने अत्यल्प प्रमाणात रक्तात मिसळतात. ती शोधणे हाच या नव्या तपासणीचा गाभा.

या प्रथिनांपैकी सर्वांत जुने नाव एस-१००बी. १९६५ मध्ये ब्लेक मूर यांनी ते वेगळे केले. अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहते, म्हणून त्याच्या नावात शंभराचा आकडा आला. युरोपात ते बरीच वर्षे वापरात आहे. स्कँडिनेव्हियातील २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य इजा झालेल्या ठराविक प्रौढांत मार लागल्यापासून ६ तासांच्या आत त्याची रक्तातील पातळी मर्यादेखाली असेल तर स्कॅन न करता घरी सोडता येते. मात्र हे प्रथिन चरबीत, कूर्चेत आणि त्वचेच्या रंगपेशींतही असते. पाय मोडलेल्या माणसाच्या रक्तातही ते वाढते, मग डोक्याला काही झालेले असो वा नसो.

म्हणून संशोधक अधिक नेमक्या प्रथिनांकडे वळले. त्यांतील दोन आज महत्त्वाची आहेत. पहिले जी.एफ.ए.पी.; हे मेंदूतील चेतापेशींची देखभाल करणाऱ्या, तारकेच्या आकाराच्या पेशींच्या सांगाड्याचा भाग आहे. दुसरे यू.सी.एच.-एल१, हे खुद्द चेतापेशींत विपुल असते आणि पेशीतील निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावण्याच्या कामाशी संबंधित आहे. घराच्या उपमेने सांगायचे तर रक्तात एक सापडले म्हणजे खांबाला धक्का बसला, दुसरे सापडले म्हणजे आतल्या माणसाला. ५८४ रुग्णांच्या रक्ताचे नमुने वारंवार घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही दोन्ही प्रथिने तासाभरातच रक्तात दिसू लागली. यू.सी.एच.-एल१ सुमारे ८ तासांनी शिखरावर पोहोचून झपाट्याने उतरले, जी.एफ.ए.पी. सुमारे २० तासांनी शिखरावर गेले आणि आठवडाभर मोजता येत राहिले.

मोजमापाची सूक्ष्मता ऐकून सराफालाही आश्चर्य वाटेल. पहिल्या मान्यताप्राप्त तपासणीत जी.एफ.ए.पी.ची मर्यादा एक मिलिलिटर रक्तद्रवात २२ पिकोग्रॅम आणि यू.सी.एच.-एल१ ची ३२७ पिकोग्रॅम होती. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या तपासणीस १४ फेब्रुवारी २०१८ रोजी परवानगी दिली. बॅनियन बायोमार्कर्स या कंपनीच्या या प्रयत्नामागे अमेरिकी संरक्षण खात्याचे अर्थसाहाय्य होते. सैनिकांना स्फोटाच्या हादऱ्याने होणारी, बाहेरून न दिसणारी मेंदूची इजा ओळखणे ही त्यांची निकड होती. परवानगीचा आधार असलेला अभ्यास अमेरिका, जर्मनी व हंगेरी येथील २२ केंद्रांवर झाला. त्यातील आकडे एखाद्या तेरजेसारखे उलगडून पाहण्याजोगे आहेत, कारण ‘९९ टक्के खात्रीची तपासणी’ अशा मथळ्यांमागे काय असते ते त्यातून कळते.

एकूण रुग्ण १,९५९. सर्वांचे सी.टी. स्कॅन झाले आणि रक्तही तपासले गेले. स्कॅनमध्ये इजा दिसली फक्त १२५ जणांना. रक्ततपासणीने ६७१ जणांना ‘मर्यादेखाली’ ठरवले आणि १,२८८ जणांना ‘मर्यादेवर’. जे ६७१ मर्यादेखाली होते, त्यांपैकी प्रत्यक्षात इजा निघाली तिघांना. म्हणजे तपासणी ‘नाही’ म्हणाली तर ते १००० पैकी ९९६ वेळा बरोबर. इजा असलेल्या १२५ पैकी १२२ तिने पकडले; प्रमाण ९७.६ टक्के. ही झाली जमेची बाजू.

नावे बाजूही तितकीच ठळक आहे. ‘मर्यादेवर’ ठरलेल्या १,२८८ पैकी स्कॅनमध्ये इजा असलेले केवळ १२२. उरलेल्या १,१६६ जणांचे स्कॅन निर्दोष निघाले. म्हणजे ही तपासणी ‘आहे’ म्हणाली तर दहापैकी नऊ वेळा चित्रात काही दिसत नाही. आणखी एक गोष्ट हिशोबी माणसाच्या नजरेतून सुटू नये. १,९५९ पैकी १,८३४ जणांचे स्कॅन मुळातच स्वच्छ होते. कोणतीही तपासणी न करता सर्वांना सरसकट ‘काही नाही’ असे सांगणारा माणूसही शंभरात जवळजवळ ९४ वेळा बरोबर ठरला असता. रस्त्यावर पाणी पाजणारे चार लोक नेमके हेच करतात, आणि म्हणूनच त्यांचा आत्मविश्वास टिकून राहतो. तपासणीचे खरे मोल त्या उरलेल्या १२५ जणांपैकी किती हाताला लागले यात आहे.

थोडक्यात, आज या तपासणीचा उपयोग ‘स्कॅनची गरज नाही’ असे सांगण्यासाठी आहे. इजा सिद्ध करण्यासाठी, ती कुठे आहे हे दाखवण्यासाठी किंवा शस्त्रक्रिया ठरवण्यासाठी ती पुरेशी नाही.

पहिली तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होई आणि निष्कर्षाला तीन-चार तास लागत. तेवढ्या वेळात रुग्णाचा स्कॅन करून तो घरीही जाऊ शकतो, त्यामुळे व्यवहारात फायदा मर्यादित होता. जानेवारी २०२१ मध्ये ॲबट कंपनीच्या हातात मावणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली; निष्कर्ष सुमारे १५ मिनिटांत. तरी रक्त फिरवून त्यातील द्रव वेगळा करावा लागत असे. एप्रिल २०२४ मध्ये तीही अट गेली. शिरेतून घेतलेले रक्त तसेच यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये घालून, मार लागल्यापासून २४ तासांपर्यंत, रुग्णाजवळच तपासणी करण्यास मान्यता मिळाली. अट अशी की रुग्ण १८ वर्षांवरील असावा आणि त्याचे ग्लासगो गुण १३ ते १५ असावेत. शाळेच्या जिन्यावरून पडलेल्या मुलासाठी ही मान्यता नाही.

हिंगोलीच्या दृष्टीने येथे एक विसंगती नजरेत भरते. ज्या देशांत या तपासणीचा अभ्यास झाला तेथे सी.टी. यंत्र बहुधा त्याच इमारतीत असते. तपासणीमुळे अनावश्यक स्कॅन टळतात, खर्च आणि प्रतीक्षा वाचते. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. सेनगाव किंवा औंढा नागनाथ परिसरातील ग्रामीण रुग्णालयात रात्री नऊ वाजता आलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला मोठ्या ठिकाणी पाठवावे की रात्रभर नजरेखाली ठेवावे, हा तेथील डॉक्टरांपुढचा प्रश्न असतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, तरी मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गंभीर रुग्णाला बहुधा नांदेडकडे हलवावे लागते आणि त्या प्रवासाला दीड-दोन तास जातात. पंधरा मिनिटांत मिळणारे उत्तर सर्वांत उपयोगी पडेल ते अशाच ठिकाणी. पण रक्तातील साखर तपासावी इतक्या सहजतेने ही तपासणी तालुक्याच्या गावी अजून मिळत नाही, आणि कार्ट्रिजची किंमत, शीतसाखळी, मुदत संपून वाया जाणारा साठा हे प्रश्न व्यापारी माणसाला समजावून सांगायला नकोत. महिन्याला पाच रुग्ण येणाऱ्या केंद्रात पन्नास कार्ट्रिज ठेवणे म्हणजे न खपणारा माल भरून ठेवणे होय. सरकारी पातळीवर जिल्हा रुग्णालये व महामार्गावरील निवडक केंद्रे यांपासून सुरुवात केली, तरच हे गणित जुळेल.

दरम्यान आपल्या देशात एक वेगळी वाटही चोखाळली जात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने, भोपाळचे एम्स व बंगळुरूची निम्हान्स या संस्थांच्या सहभागातून, अहमदाबादच्या बायोस्कॅन रिसर्च या कंपनीने ‘सेरेबो’ हे हातात धरण्याचे उपकरण तयार केले आहे. ते रक्त घेत नाही. डोक्यावर अवरक्त प्रकाश टाकून आत रक्त साचले आहे का याचा अंदाज एका मिनिटाच्या आत देते. रक्ततपासणी आणि असे उपकरण ही एकमेकांची जागा घेणारी साधने नसून ती एकत्र वापरली जाण्याची शक्यता अधिक दिसते.

आणखी एका निष्कर्षाकडे व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेतील एका मोठ्या प्रकल्पात सी.टी. स्कॅन निर्दोष आलेल्या ४५० रुग्णांची एम.आर.आय. तपासणी केली गेली. त्यांपैकी १२० जणांच्या, म्हणजे २७ टक्के लोकांच्या मेंदूत इजा आढळली. आणि ज्यांच्यात ती आढळली त्यांच्या रक्तात जी.एफ.ए.पी.चे प्रमाण लक्षणीय जास्त होते. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ वर सांगितलेल्या १,१६६ ‘खोट्या’ इशाऱ्यांपैकी काही कदाचित खोटे नव्हतेच. चित्र काढणारे यंत्र तेवढे बारीक पाहू शकत नव्हते.

हे केवळ शास्त्रज्ञांच्या कामाचे नाही. अपघातानंतर आठवड्याने दुकानात परतलेला तरुण गादीवर बसतो. पण बेरीज तीनदा करतो, गिऱ्हाईकावर खेकसतो, उजेड सहन होत नाही म्हणून शटर अर्धे ओढतो, दुपारी झोपतो. स्कॅन ‘नॉर्मल’ असल्याचा कागद घरात असतो. मग ‘अंगचोर झाला’, ‘जबाबदारी टाळतो’ अशी कुजबुज सुरू होते. सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या इजेनंतर डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा, झोपेतील बिघाड ही लक्षणे काही आठवडे, क्वचित अनेक महिने राहू शकतात. बहुतेक जण पूर्ण बरे होतात, मात्र त्यांना विश्रांती, टप्प्याटप्प्याने काम आणि घरच्यांचा विश्वास लागतो. रक्तातील एखादा आकडा उद्या अशा माणसाच्या बाजूने बोलू लागला, तर त्याचे मोल औषधाइतकेच असेल. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मेंदूच्या इजेचे नवे वर्गीकरण सुचवले. त्यात जुन्या गुणपद्धतीच्या जोडीला रक्तातील खुणा, प्रतिमा आणि रुग्णाची एकूण परिस्थिती यांना स्थान दिले आहे. केवळ ‘सौम्य’ या एका शब्दावर बोळवण करण्याची सवय त्यामुळे मोडेल, अशी आशा आहे.

ज्येष्ठांचा विषय वेगळा. घरातील आजोबा स्नानगृहात घसरतात किंवा पहाटे मंदिराच्या पायरीवर अडखळतात. डोक्याला टेंगूळही येत नाही. अनेकांना हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असतात. वयानुसार मेंदू थोडा आकसलेला असतो, त्याच्या आवरणाखालील बारीक शिरा ताणलेल्या असतात. त्यांतून रक्त इतके हळू झिरपते की लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात : चाल बिघडते, एक हात जड होतो, बोलण्यात गोंधळ होतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. २४ तासांच्या मुदतीची रक्ततपासणी येथे उपयोगाची नाही. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ मध्ये मांडलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमानुसार ६५ वर्षे व त्यावरील वय, दोन किंवा अधिक उलट्या, दोन तासांनंतरही पूर्ण शुद्ध न येणे, कवटीला खोक किंवा भंगाचा संशय यांपैकी एकही गोष्ट असेल तर स्कॅन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांना तो नियमही पुरेसा मानला जात नाही. त्यांच्या बाबतीत डॉक्टर अधिकच सावध असतात.

समाजाच्या जिव्हाळ्याचा आणखी एक भाग म्हणजे साधू-साध्वींचा विहार. चातुर्मास संपला की संघ पायी निघतात. शिरड शहापूर, शिरपूर अशा क्षेत्रांकडे जाणारे मार्ग महामार्गाला लागूनच आहेत. पहाटेच्या अंधारात भरधाव वाहनाचा धोका सर्वांना ठाऊक आहे आणि विहारसेवेतील तरुण परावर्तक पट्टे, विजेऱ्या घेऊन सोबत चालतात. या तरुणांनी विहारमार्गावर सी.टी. स्कॅनची सोय कोणत्या गावी चोवीस तास आहे, याची टिपणी आधीच तयार ठेवली तर ऐनवेळी फोनाफोनीत जाणारा अर्धा तास वाचेल. पायी विहाराचे नियम आणि तातडीचे उपचार यांचा मेळ कसा घालावा, हा निर्णय संघाने आचार्यांच्या मार्गदर्शनाने आधी ठरवून ठेवण्याचा आहे; रस्त्यावर उभे राहून ठरवण्याचा नव्हे.

आकडे पाहिले तर २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार व त्यांच्या मागे बसलेले मिळून ५०,०२९ होते. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागेल ही भीती आता निराधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे.

रक्ततपासणी उपलब्ध असो वा नसो, डॉक्टर सर्वप्रथम जे विचारतात त्याची उत्तरे सोबतच्या माणसाकडे हवीत. मार नेमका किती वाजता लागला. शुद्ध हरपली का आणि किती वेळ. अपघाताआधीचे काय आठवते. उलटी किती वेळा झाली. रक्त पातळ करणारी कोणती गोळी, किती मात्रेची चालू आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाकिटातील ओळखपत्रामागे एका चिठ्ठीवर लिहून ठेवता येते. दुकानातील मुनीम, हमाल आणि चालक यांच्या खिशातही अशी चिठ्ठी असावी, त्यांच्या घरच्या क्रमांकासह.